चेक इंजिनचा दिवा: कोड वाचण्यापासून खरा दोष सापडेपर्यंत

स्कॅनरवर पी०१३१ हा कोड दिसला, ऑक्सिजन सेन्सर नवा बसवला, आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा लागला. नवा सेन्सर खराब निघाला, असं क्वचितच घडतं. पी०१३१चा अर्थ एवढाच की पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर इंजिनाच्या कंप्युटरला, म्हणजे ईसीयूला, बराच वेळ कमी व्होल्टेज दिसलं. ते वायर बॉडीला घासून अर्थ झाल्यामुळे असेल, सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट फुटून बाहेरची हवा आत शिरल्यामुळे असेल, पेट्रोल खरंच कमी पडत असल्यामुळे असेल, आणि हो, सेन्सर मेल्यामुळेही असेल. कोड ही ईसीयूची तक्रार असते. तिची शहानिशा मीटर घेऊन आपल्यालाच करावी लागते. कोड वाचायला दोन मिनिटं पुरतात, त्यामुळे या लेखातला बराचसा भाग त्यानंतरच्या कामाबद्दल आहे.

दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय?

दिवा पिवळा आणि स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी पळत असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर घाबरायचं कारण नाही. गाडी सावकाश घरी आणा आणि सवडीने तपासा. दिवा लुकलुकत असेल तर मात्र एखादा सिलिंडर जोरदार मिसिंग करतोय. त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात, जाऊन पेटतं, कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळायला लागते. ठिणगी देणाऱ्या एका कॉइलच्या दुखण्यापायी कन्व्हर्टर गमावायचा नसेल तर रेस सोडा, गाडी बाजूला घ्या आणि शक्य असेल तर तिथूनच टो करून न्या. ऑइल प्रेशरचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल इशारा हा प्रकारच वेगळा. तिथे इंजिन ताबडतोब बंद करायचं, कोड नंतर.

लागणारं सामान

फक्त कोड दाखवणारा स्कॅनर पुरत नाही. पेंडिंग कोड, फ्रीज फ्रेम आणि लाइव्ह डेटा दाखवणारा हवा. फोनला ब्लूटूथने जोडायचा छोटा अडॅप्टर आणि चांगलं ॲप असलं तरी चालतं. त्याच्या जोडीला एक डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च आणि लिहायला वही. वही हवीच, कारण एकदा कोड पुसले की त्यांच्यासोबतचा पुरावाही जातो.

अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते २००१ पासून आणि डिझेल गाड्यांना साधारण २००४ पासून लागू झालं. या पद्धतीच्या गाड्यांत १६ पिनांचं सॉकेट असतं, बहुतेक वेळा स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांच्या वरच्या बाजूला. स्कॅनर लावल्यावर त्याचा दिवाच लागला नाही तर स्कॅनरला दोष देण्याआधी सॉकेटच्या १६ नंबरच्या आणि ४ नंबरच्या पिनमध्ये मीटर धरा. १६ला बॅटरीचं पॉझिटिव्ह येतं, ४ला अर्थ. तिथे बॅटरीइतकं व्होल्टेज नसेल तर बहुधा फ्यूज गेलेला आहे. कित्येक गाड्यांत तोच फ्यूज सिगारेट लायटरच्या सॉकेटलाही असतो आणि तिथे लावलेल्या चार्जरमुळे उडालेला असतो.

कोड वाचताना

१. चावी बंद ठेवून स्कॅनर लावा. मग चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबा.

२. साठवलेले, पेंडिंग आणि पर्मनंट अशा तिन्ही याद्या उघडा आणि प्रत्येकीचा फोटो काढा.

३. फ्रीज फ्रेम उघडून सगळे आकडे वहीत उतरवा: आरपीएम, वेग, कुलंटचं तापमान, इंजिन लोड, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं, तात्पुरतं आणि दीर्घकाळाचं).

४. कोड पुसू नका. इतक्यात तर नाहीच.

पेंडिंग म्हणजे ईसीयूला एका फेरीत, म्हणजे इंजिन सुरू करून गाडी चालवून बंद करेपर्यंतच्या काळात, दोष दिसला आणि तो दुसऱ्या फेरीची वाट पाहतोय. बरेचसे दोष सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. त्यामुळे दिवा न लागलेल्या गाडीतही पेंडिंग यादी पाहणं उपयोगाचं असतं. दोष गेल्यावर सलग तीन फेऱ्या स्वच्छ झाल्या की दिवा आपोआप विझतो, आणि साधारण ४० वेळा इंजिन थंड होऊन पुन्हा तापलं की कोडही निघून जातो. पर्मनंट कोड स्कॅनरने किंवा बॅटरी काढून जात नाही. ईसीयूने स्वतः ती चाचणी पुन्हा घेऊन पास केली तरच तो जातो.

फ्रीज फ्रेम म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणाचा फोटो. एकच मिसिंगचा कोड, पण एका गाडीत तो ७०० आरपीएम, वेग शून्य, कुलंट ३० अंश असताना आला आणि दुसरीत ३,२०० आरपीएम, लोड ८५ टक्के असताना, तर दोन्हींचा तपास निरनिराळ्या ठिकाणी सुरू होतो. आधी इंजिन थंड असताना बिघडणाऱ्या गोष्टी पाहायच्या की चढावर ताण आल्यावर तुटणारी ठिणगी शोधायची, हे ही एक नोंद सांगते. एवढी मोलाची माहिती बहुतेक जण न उघडताच पुसून टाकतात.

कोडची फोड

पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनकडची बाजू, यू म्हणजे कंप्युटरांमधला संवाद. त्यानंतरचा ० म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड, १ म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा. पी१ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ त्याच कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा, कारण तोच आकडा दुसऱ्या कंपनीत भलतंच काही सांगतो. तिसरी खूण ठिकाण दाखवते: १ आणि २ इंधन-हवा, ३ इग्निशन आणि मिसिंग, ४ प्रदूषण नियंत्रण, ५ आयडल (रेस न देता चालणारं इंजिन) आणि वेग, ६ कंप्युटर आणि त्याचा पुरवठा, ७ गिअरबॉक्स.

आकड्यांपेक्षाही कोडच्या वर्णनातले शेवटचे शब्द जास्त बोलतात. 'सर्किट लो' किंवा 'सर्किट हाय' असेल तर संशय वायर, ती सेन्सरला जोडणारा कपलर आणि सेन्सरवर, म्हणजे तपास विजेचा. 'रेंज परफॉर्मन्स' असेल तर सेन्सर बोलतोय, पण त्याचं बोलणं इतर सेन्सरांशी जुळत नाही. 'सिस्टिम लीन' (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), 'एफिशियन्सी बिलो थ्रेशोल्ड' (कार्यक्षमता मर्यादेच्या खाली) असलं काही असेल तर ईसीयू परिणाम सांगतोय. कारण कुठेही असू शकतं आणि सेन्सर बहुधा खरं बोलतोय. 'बँक १' म्हणजे पहिला सिलिंडर ज्या बाजूला आहे ती बाजू. 'सेन्सर १' कन्व्हर्टरच्या आधीचा, 'सेन्सर २' नंतरचा.

आधी बॅटरी आणि अर्थिंग

एकदम सहा-सात कोड आले असतील तर सहा-सात वस्तू बिघडलेल्या नसतात. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, स्टार्टर फिरताना ९.६च्या खाली जाता कामा नये, आणि इंजिन सुरू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवेत. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवा, हेडलाइट आणि पंखा चालू करा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. ती काढा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा. अर्धा तास जातो, पण इतके निरनिराळे कोड एका फटक्यात घालवणारं काम दुसरं नाही.

कित्येक सेन्सर ईसीयूकडून येणाऱ्या एकाच ५ व्होल्टवर चालतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की बाकीचेही खोटं बोलू लागतात. असा संशय आला, विशेषतः पी०६४१ असेल, तर एखाद्या सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट मोजत राहा आणि बाकीचे सेन्सर एकेक करून सोडवा. ज्याचा कपलर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार.

कोडांचा क्रम लावताना आधी पुरवठा आणि यू कोड, मग सर्किटचे, मग मिसिंग आणि इंधनाचे, आणि कन्व्हर्टरचा सगळ्यात शेवटी. वरचा दोष काढला की खालचे बरेचदा आपोआप सुटतात.

सर्किटचा कोड: एका कपलरवर उत्तर

कुलंट तापमानाचा सेन्सर घ्या. पी०११८ म्हणजे सर्किट हाय. लाइव्ह डेटात तापमान उणे ४० अंश दिसतंय. इतकी थंडी नसते, म्हणजे ईसीयूला कुठेतरी तुटलेलं सर्किट दिसतंय. आता सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४०च राहील. मग कपलरच्या वायरच्या बाजूच्या दोन पिना बारीक वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा, पिना न फाकवता. स्क्रीनवरचा आकडा झटकन १३० अंशांच्या वर उडाला तर ईसीयूपासून कपलरपर्यंतची सगळी वायरिंग ठीक आहे, सेन्सर बदला. आकडा जागचा हललाच नाही तर सेन्सर बदलून काहीही होणार नाही. वायर कुठेतरी तुटलीय किंवा कपलरमध्ये हिरवा गंज चढलाय. ही युक्ती दोन वायरच्या तापमान सेन्सरांसाठीच आहे. तीन वायरच्या सेन्सरमध्ये अशा पिना जोडल्या तर ५ व्होल्टचा पुरवठाच शॉर्ट होऊ शकतो.

कपलर काढलाच आहे तर टॉर्च मारून आत पाहा. मागे सरकलेली पिन, ऑइलचा थर, पाण्याचा ओघळ, वायरचं आवरण उंदराने कुरतडलेलं: सर्किटच्या कोडांची उत्तरं बरेचदा इथेच असतात.

पी०१७१: इंजिन लीन चाललंय

ऑक्सिजन सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसला की ईसीयू पेट्रोल वाढवतो. किती वाढवलं ते ट्रिममध्ये दिसतं. शॉर्ट आणि लाँग यांची बेरीज करा. उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. +२५च्या आसपास पोचली की ईसीयू हात टेकतो आणि कोड येतो.

समजा फ्रीज फ्रेममध्ये ७२० आरपीएम, वेग शून्य, कुलंट ९२ अंश, लाँग +१८, शॉर्ट +६ आहे. आयडलला एकूण +२४. आता गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून २,५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरा. बेरीज +५वर उतरली तर कुठूनतरी फालतू हवा खेचली जातेय. भेग तेवढीच असते, पण आयडलला इंजिन एकूण हवाच थोडी घेत असल्यामुळे त्या भेगेतून येणाऱ्या हवेचा वाटा मोठा होतो. रेस दिल्यावर मुख्य हवा वाढते आणि तो वाटा नगण्य होतो. मग एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाईप वाकवून त्याच्या घड्या पाहा, ब्रेक बूस्टरचा होज, पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाईप, इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट, ऑइल भरायचं झाकण आणि डिपस्टिक तपासा. सापडत नसेल तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, धूर भेगेतून उघड बाहेर येतो. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत अजूनही चालते, पण त्यात आग लागते. ती टाळा.

उलट चित्र असेल, म्हणजे आयडलला ट्रिम बरी आणि लोड आल्यावर वाढत जाणारी, तर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर मळलाय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. एमएएफ त्याच्यासाठीच मिळणाऱ्या स्प्रेने धुवा, तारेला बोट किंवा कापूस लावू नका, पूर्ण वाळू द्या. फरक पडला नाही तर गेज लावून फ्युएल प्रेशर मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहा. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टची गॅस्केट फुटली असेल तरी ईसीयू फसतो. थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक आवाज येत असेल तर मॅनिफोल्डभोवती काजळीचा डाग शोधा.

एक भेद ध्यानात ठेवावा. ज्या इंजिनात एमएएफ नसून फक्त इनटेकमधला दाब मोजणारा एमएपी सेन्सर आहे, तिथे भेगेतून आलेली हवाही दाबात मोजली जाते. अशा गाडीत ट्रिम फारशी वाढत नाही, आयडल मात्र चढतं.

पी०३०१: पहिला सिलिंडर मिसिंग

शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलिंडरवर फिरतंय. तिथे कॉइल बदलत बसू नका, सगळ्यांना समान असलेली गोष्ट शोधा: फ्युएल प्रेशर, हवेची गळती, उघडा अडकलेला ईजीआर (जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह).

एकाच सिलिंडरचा कोड असेल आणि प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद आणि थंड असताना पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवा. नोंदी वहीत आहेतच, त्यामुळे आता कोड पुसायला हरकत नाही. इंजिन चालवा. पी०३०३ आला तर कॉइल खराब. पी०३०१च आला तर कॉइल निर्दोष, आता प्लगची अदलाबदल. एका वेळी एकच वस्तू हलवा. कॉइल आणि प्लग एकदम हलवले तर दोष सरकला तरी कोणाबरोबर सरकला ते कळणार नाही.

प्लग काढल्यावर नीट पाहा. पांढऱ्या चिनी मातीवर वरून खाली गेलेली बारीक काळी रेघ म्हणजे ठिणगी टोकाला न जाता बाहेरून अर्थ होतेय. अशा प्लगबरोबर कॉइलचं रबरी बूटही बदला, नाहीतर त्या बुटातली रेघ नव्या प्लगवरही तीच वाट पाडते. प्लगच्या विहिरीत ऑइल असेल तर व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट गळतेय. नवा प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवून बसवा. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर मूळ दोषापेक्षा मोठं काम उभं राहतं.

चार सिलिंडरच्या काही इंजिनांत एक कॉइल दोन प्लग चालवते, १-४ आणि २-३ अशा जोड्यांनी. पी०३०१ आणि पी०३०४ जोडीने आले तर आधी कॉइल पॅककडे पाहा. चालू इंजिनात प्लगची वायर उपटून मिसिंग शोधू नका. झटका जबर बसतो आणि ईसीयूमधला कॉइल चालवणारा भागही जळू शकतो.

ठिणगी ठीक निघाली तर इंजेक्टर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली की टिक-टिक ऐकू येते, एकच गप्प असेल तर तो कळतो. पोर्ट इंजेक्टरचा रोध साधारण ११ ते १६ ओहम असतो, आणि सगळ्यांचा जवळपास सारखा हवा. मग शेवटी कॉम्प्रेशन: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, रेस पूर्ण दाबलेली. सिलिंडरांमध्ये १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर, म्हणजे ५ मिली, इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट.

पी०४२०: कन्व्हर्टर बदलायची घाई नको

हा कोड कन्व्हर्टरच्या पुढच्या-मागच्या सेन्सरांची तुलना करून येतो. मिसिंग किंवा ट्रिमचा कोड सोबत असेल तर आधी तो मिटवा. मग इंजिन पूर्ण तापवून २,५०० आरपीएमवर मागच्या सेन्सरचा आलेख पाहा. ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ सरळ रेघ असेल तर कन्व्हर्टर काम करतोय, एक्झॉस्टची गळती शोधा. तो ०.१ ते ०.९ असा भराभर वरखाली होत असेल तर कन्व्हर्टर संपलाय. तो का संपला हे शोधल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइल जाळणारं किंवा मिसिंग करणारं इंजिन नवाही तसाच संपवेल.

इतर नेहमीचे

पी०४५५, पी०४४२: पेट्रोलच्या वाफेची गळती. आधी टाकीच्या झाकणाचं रबर पाहा, मग टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. थंड इंजिन आयडलला असताना त्याचा कपलर काढा. टाकीकडच्या नळीत तरीही ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही, हीसुद्धा त्याचीच खूण.

पी०१२८: इंजिन पुरेसं तापत नाही. थंड असताना कुलंटची पातळी पाहा. ती ठीक असेल आणि हायवेवर तापमान खाली घसरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

पी००११, पी००१६: काहीही उघडण्याआधी डिपस्टिक काढा. ऑइल कमी किंवा जुनं असेल तर व्हॉल्व्ह टायमिंग फिरवणारी यंत्रणाच हलत नाही. ऑइल ठीक असूनही पी००१६ टिकून राहिला आणि सुरू करताना साखळीचा खडखडाट असेल तर गाडी चालवू नका, टायमिंग चेन ताणलेली असू शकते.

डिझेल गाडीत पी००८७, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब कमी, आला तर आधी डिझेल फिल्टर. चालू इंजिनात रेलचा कुठलाही पाईप सैल करू नका. तिथे १,००० बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो आणि बारीक धारही कातडीत घुसते.

दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. पुसताच ईसीयूची स्वतःची तपासणीही शून्यावर येते, रेडिनेसच्या पानावर सगळं 'अपूर्ण' दिसतं. इंजिन आठ तास थंड होऊ द्या, टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा, सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवा, मग थोडं शहरात आणि १५-२० मिनिटं हायवेवर एकसारख्या वेगाने चालवा, मधे रेस सोडून गाडी आपोआप मंदावू द्या. वाफेची चाचणी पूर्ण व्हायला बरेचदा काही दिवस लागतात.

नुसता दिवा विझलाय म्हणून काम संपलं असं धरू नका. ज्या चाचणीत दोष सापडला होता ती 'पूर्ण' दिसायला हवी आणि पेंडिंगची यादी रिकामी हवी. कोड परत आलाच तर नवी फ्रीज फ्रेम जुन्या नोंदीशेजारी लिहा. आरपीएम, तापमान, लोड तेच असतील तर दोष तोच आहे आणि आपली चाचणी कुठेतरी चुकलीय. आकडे बदलले असतील तर निम्मं काम झालंय, उरलेला दोष वेगळा आहे.